मी काई पायलं नाई

निघायच्या आदल्या दिवशी मी तीन पांढरे शर्ट स्वतःच्या हातानं इस्त्री केले. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "जंगलात चाललाय की लग्नाला?" मी म्हणालो, "मंडळीच्या कामाला चाललोय. माणसानं कामाला शोभेल असं दिसावं." तिनं चिवड्याचा डबा बॅगेत कोंबला आणि आत गेली.

मी नगरचा, निवृत्त शिक्षक. आजोबांच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती, आणि गेली काही वर्षं मी आमच्या मंडळीचा (चर्चचा) पंच आहे. शांतवन हा माझा वसतिगृहातला मित्र. तो पाळक झाला आणि गेल्या दिवाळीनंतर त्याची गडचिरोलीकडे बदली झाली. त्याचा फोन आला, की धानोऱ्याच्या बाजूला जंगलात एक टोला (पाड्यासारखी छोटी वस्ती) आहे, तिथं सहा-सात विश्वासी कुटुंबं आहेत आणि चौघांना बाप्तिस्मा घ्यायचाय. त्यांच्याकडचा नियम असा, की बाप्तिस्म्याआधी प्रत्येकाची तपासणी व्हायची आणि तपासणीला बाहेरच्या मंडळीतला एक पंच हवा. ओळखीचा माणूस भिडेखातर सगळ्यांनाच हो म्हणतो, म्हणून. "तू ये, मास्तर," शांतवन म्हणाला. "जन्मभर पेपर तपासलेस, चार माणसं तुला जड नाहीत." त्यानं थट्टा केली होती. मला ते प्रशस्तिपत्र वाटलं.

नागपूरला गाडी बदलून सकाळी चंद्रपूरला उतरलो. उतरण्याआधीच खिडकीतून ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या होत्या आणि आभाळाचा तेवढा तुकडा मळलेला होता. मार्च संपत आला होता. आठ वाजता ऊन असं, की आमच्याकडे दुपारी एकला नसतं. स्टॅंडबाहेर कोळशाचे ट्रक एकामागे एक जात होते आणि त्यांच्या धुळीतच पोह्यांची गाडी लागलेली होती. इकडे पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा तिखट लाल रस्सा) ओततात. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि तर्रीचा एक मोठा थेंब नेमका शर्टाच्या खिशावर पडला. मी नळावर जाऊन घासू लागलो. पोहेवाला हसून म्हणाला, "गुरुजी, कोळशाच्या गावात पांढरं घालून काऊन आले जी? राहू द्या, तो डाग नाई जात." मी गुरुजी हे त्यानं कसं ओळखलं, कोण जाणे. डाग खरंच गेला नाही. मी बॅगेतला दुसरा शर्ट काढून घातला.

मूलमार्गे गडचिरोलीची बस मिळाली. शेजारी वाटेत सावली गावाला उतरणारे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी जयभीम केला, मी आमच्या पद्धतीनं सलाम म्हटलं, आणि दोघांनाही एकमेकांचं कळलं. जंगलात कशाला चाललात, असं त्यांनी विचारलं.

"माणसांचा विश्वास तपासायला," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"तो कसा तपासता जी?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. "थर्मामीटर असते का त्याचं?"

मी हसलो आणि बायकोचा चिवडा पुढे केला. त्यांचा प्रश्न बसमध्येच सोडून द्यायला नको होता, हे आता वाटतं. ते उतरून गेल्यावर मी वैनगंगेच्या पुलावरून वाळूतले पाण्याचे पट्टे बघण्यात रमलो होतो.

गडचिरोलीत शांतवनकडे मुक्काम केला आणि शनिवारी पहाटेच त्याच्या जुन्या मोटरसायकलवरून दोघं निघालो. डांबरी रस्ता सुटला तसं जंगल जवळ आलं. साग उघडेबोडके झालेले, पळस तेवढा पेटलेला. आणि सगळीकडे मोहाची झाडं. प्रत्येक मोहाखालचा पाचोळा जाळून काळं वर्तुळ केलेलं असतं, म्हणजे पडलेलं फूल चटकन दिसावं. पहाटेपासून फुलं टपटपत असतात आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेलं असतं. वास गोड, जड, आंबूस. मी नाक दाबलं. आमच्या घरात तीन पिढ्या दारूला शिवलेलं कोणी नाही, आणि मोह म्हटलं की मला एवढी एकच गोष्ट ठाऊक होती. या फुलांचे लाडू होतात, भाजी होते, उन्हाळ्यात घरोघर याच्यावर पोटं भरतात, हे शांतवन ओरडून ओरडून सांगत होता. वाऱ्यात अर्धं ऐकू आलं. उरलेलं अर्धं मी ऐकून घेतलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. टोल्यातलं प्रार्थनाघर म्हणजे कुडाच्या भिंतींची एक लांबट खोली, वर कौलं, आत बांबूचा क्रूस. जमीन इतकी सुरेख सारवलेली, की बूट काढताना मलाच संकोच वाटला. "रोज कोण सारवतं?" मी विचारलं. शांतवनला नक्की माहीत नव्हतं. त्याला येऊन पाचच महिने झाले होते आणि तो महिन्यातून एकदा यायचा.

आठ वाजता तपासणी सुरू झाली. मी टेबलामागे बसलो, वही उघडली, खिशातून पेन काढलं. पहिला आला अनिल. घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा, सुट्टी काढून आला होता. पांढरा शर्ट, कडक कॉलर, हातात चेनच्या कव्हरातलं पवित्र शास्त्र (बायबल). माझ्या शर्टाकडे आणि त्याच्या शर्टाकडे बघून मला उगाचच नातं वाटलं. त्यानं हात जोडून, डोळे मिटून आपली साक्ष सांगितली. आमच्याकडे साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांत सांगणं. पंधरा मिनिटं तो अस्खलित बोलला. मोबाइलवर उपदेश ऐकून ऐकून घडलेली ती भाषा होती, पण ओघ होता. मी वहीत "उत्तम" लिहिलं. तो खोटा होता असं मला आजही म्हणायचं नाही. कोण खरा, कोण खोटा हे सांगायचा माझा अधिकार त्या दिवशी संपला. त्याच्यामागून एक नवराबायको आले. जरा अडखळले, पण पास झाले.

चौथं नाव सायत्राबाईचं. ती जागेवर नव्हती. दहा वाजत आले तेव्हा दाराशी दोन टोपल्या टेकल्याचा आवाज आला. दोन्ही मोहफुलांनी शिगोशीग. एकट्या बाईला दोन टोपल्या कशाला लागतात, हा माझ्या मनातला पहिला विचार. साठीची असेल. काळी, काटक, हातावर कोपरापर्यंत गोंदण, लुगड्याचा काठ भिजलेला. ती आत आली आणि तिच्याबरोबर तो आंबूस गोड वास आत आला. मी खुर्ची थोडी मागे सरकवली. तिनं ते बघितलं असावं.

शांतवननं प्रार्थना केली. मी पंच असल्यामुळे एक डोळा उघडा ठेवला होता. बाईनं डोळे मिटले होते, पण हात जोडले नव्हते. उजवा मांडीवर, डावा पदराखाली. मी वहीत लिहिलं, "उशिरा आली. मोहाचा वास. प्रार्थनेत हात जोडत नाही."

"बाई, बाप्तिस्मा कशासाठी घ्यायचाय?" मी विचारलं.

"मले बी त्या जेवनात बसाचं हाय," ती म्हणाली. "भाकर वाटते तवा मले दाराशी बसा लागते. लय वर्सं झाले."

ती प्रभुभोजनाबद्दल बोलत होती. आमचं जे भाकर आणि द्राक्षरसाचं जेवण, ते बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळतं. आज वाटतं, तपासणी तिथंच संपली होती. याहून सरळ उत्तर मी आयुष्यात तपासलेलं नाही. पण माझ्या डोक्यात प्रश्नपत्रिका होती आणि तिच्यातला मोठ्या गुणांचा प्रश्न अजून बाकी होता.

"बरं. आता तुमची साक्ष द्या."

तिचा चेहरा एकदम मिटला. तिनं माझ्या पेनाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "साक्ष?"

"हो. तुम्ही जे पाहिलंत, ते सांगा. मी लिहून घेतो."

"मी काई पायलं नाई."

"काहीच नाही?"

"नाई जी. मी काई पायलं नाई. तवाबी साक्ष देल्ली नाई, आताबी देत नाई."

म्हणजे आधीच्या पाळकांनाही हिनं उत्तर दिलेलं नाही, असा अर्थ मी काढला. शांतवन पुढे वाकून तिला काही सांगायला लागला, तर मी हात वर करून त्याला थांबवलं. परीक्षेत कोणी मदत करायची नसते. मग तिच्यासमोरच तिच्या नावावर आडवी रेघ मारली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रेघ सगळ्यांना कळते. "बाई, पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो. ती उठली. जाताना मान लववून "जोहार" म्हणाली, दोन टोपल्या एकावर एक डोक्यावर चढवल्या आणि एका हातानं सावरत निघून गेली. एका हातानं का, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दुपारी अनिलच्या घरी जेवलो. भात, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि मोहाच्या पुऱ्या. पुऱ्यांना मी हात लावला नाही. अनिलच्या आईनं दोनदा आग्रह केला आणि त्या उचलून नेल्या.

रविवारी पहाटे नदीवर गेलो. आमच्या मंडळीत कपाळावर पाणी लावतात, इकडे नदीत पूर्ण बुडवतात. पाणी गुडघ्याएवढंच होतं, त्यामुळे शांतवनला माणसं जवळजवळ आडवी करावी लागली. अनिल उठताना पाय घसरून परत पडला, तेव्हा सगळे हसले, तोही हसला, आणि तो मला पहिल्यांदा आवडला. काठावर तिघांचे कोरडे कपडे छातीशी धरून सायत्राबाई उभी होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ज्याचा त्याला कपडा दिला, ओले पिळे खांद्यावर घेतले. मग प्रार्थनाघरात भाकर वाटली गेली. ती उंबऱ्याबाहेर बसून होती, ओल्या कपड्यांनी तिचा खांदा भिजत होता. भाकरीचं ताट माझ्या हातात होतं. दारापासून चार हातांवर मी वळलो.

दहाच्या सुमाराला आम्ही निघालो. दोनची नागपूरची बस, रात्री नगरची गाडी, सगळं आखलेलं होतं. टोल्याच्या शेवटच्या घरापाशी मोटरसायकलच्या मागच्या चाकाची हवा गेली. अनिल धावत आला, ट्यूब काढून त्याच्या गाडीवरून पुढच्या गावी पंक्चर काढायला गेला. आम्ही त्या घराच्या सावलीत थांबलो. ओटीवर बाजेवर एक माणूस पडून होता, कमरेखाली लुळा. आणि त्याच्या उशाशी बसून सायत्राबाई त्याला पेज भरवत होती.

वाटी तिनं मांडीवर ठेवली होती आणि डाव्या हाताच्या मनगटानं दाबून धरली होती. तो हात कोपरापासून उलटा वळलेला होता. बोटं मिटत नव्हती. तो हात दुसऱ्या हाताला जोडलाच जाणार नव्हता. अंगणात एकाच चटईवर मोहफुलं वाळत होती, पण मध्ये बांबूची काठी ठेवून दोन ढीग वेगळे केलेले होते.

आम्हाला बघून ती उठली. "बसा जी, पानी आनतो," म्हणून कळशी घेऊन बोअरिंगकडे गेली. बाजेवरचा माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. तो तिचा दीर, दसरू.

"तुमी काल तिले साक्ष मागतली का?" त्यानं विचारलं.

"हो. आमची पद्धत असते..."

"रात्रभर रडून राह्यली ते. मले म्हने, दसरू, इतक्या वर्सानं तुह्यासाठी पुन्हा आले. पेन घेऊन आले."

मला काही उमगेना. मग त्यानं सांगितलं. त्या दोघांच्या वाट्यात एक मोहाचं झाड होतं. त्याच्यावरून भांडण झालं आणि त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिचा हात मोडला. ठाण्यातले लोक आले, कोर्टात साक्ष दे म्हणाले. दुसरं कोणी बघितलेलं नव्हतं. "माहे लेकरं लहान होते जी. मी जेलात गेलो असतो तं मेले असते. तिनं सांगतलं, मी काई पायलं नाई. अंधारात पडली म्हने. मी तिच्या समोरच उभा होतो." त्यानं तोंड चटईवरच्या ढिगांकडे वळवलं. "प्रार्थनाघरात गाने ऐकाले जायाची तवा. तितून शिकून आली का, मले नाई मालूम. आता लेकरं तेलंगणात मिरची तोडाले गेले. माह्या वाट्याचा मोह तेच वेचते."

शांतवननं डोळ्यांना रुमाल लावला. मी मात्र आधी मनातल्या मनात ताळा करत बसलो. दोन टोपल्या, उशीर, वास, हात. वहीतली प्रत्येक ओळ खरी होती आणि प्रत्येक ओळ चूक होती. खोटी साक्ष देणं पाप आहे, असंही मास्तराच्या डोक्यात एकदा येऊन गेलं. ते तिथंच विझलं.

ती कळशी घेऊन आली. मी उभा राहिलो. आयुष्यात विद्यार्थ्यांची माफी कधी मागितली नव्हती. "बाई, काल माझ्या हातून मोठी चूक झाली. मी तुमचं नाव खोडलं. तुमच्या डोळ्यांदेखत खोडलं."

तिनं पाण्याचा लोटा माझ्या हातात दिला. दसरूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

"जाऊ द्या जी गुरुजी," ती म्हणाली. "मी काई पायलं नाई."

मला रडू आलं. लपवलं नाही, लपवता आलं नसतं. शांतवन माझा दंड धरून म्हणाला, "मास्तर, आज थांबू या. मंडळीशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही आणि सगळे आता रानात पांगलेत. संध्याकाळी जमतील. दिवस असतानाच नदीवर जाऊ, मग भाकर देऊ."

आणि मी म्हणालो, "माझं रिझर्व्हेशन आहे रे."

हे वाक्य मी असं कोरडं लिहितोय, कारण ते तसंच निघालं. डोळे अजून ओले होते. शांतवननं माझा दंड सोडला. बोलली ती. "जाऊ द्या त्यायले, पास्टरसाहेब. गाडी सुटन त्यायची. मी का पळून जाऊन राह्यली? इथीच हाय."

तेवढ्यात अनिल ट्यूब घेऊन आला. चाक बसलं. वळणावरून मी मागे बघितलं, तर ती पुन्हा वाटी मांडीवर घेऊन बसली होती.

पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत पाळकांनी जाहीर केलं, की पंच जंगलातल्या कामाची साक्ष देतील. मी उभा राहिलो. तिसरा शर्ट अंगात होता, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी काही पाहिलं नाही," आणि खाली बसलो. उपासना संपल्यावर लोक येऊन हात मिळवू लागले. किती नम्र साक्ष दिलीत, म्हणाले. एका तरुण मुलीनं तर ते वाक्य लिहून घेतलं होतं. घरी येऊन मी बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शर्ट धुवायला मागितला.

शांतवन म्हणाला होता, की पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) तो जाईल. तेव्हा तो आजारी पडला. मग पावसाळा लागला, नाल्यावरचा रस्ता वाहून गेला, चार महिने तिकडे जाता आलं नाही. दिवाळीच्या आधी तो पोचला. त्याच दिवशी त्याचा फोन आला.

दसरू श्रावणात गेला होता. त्यानंतर सायत्राबाई सिरोंच्याकडे बहिणीच्या गावी निघून गेली. तिकडे सगळी तेलुगू बोलणारी वस्ती. गावाचं नाव टोल्यात कोणालाच धड सांगता येईना. प्रार्थनाघराची जमीन आता कोणी सारवत नाही, पोपडे आलेत, शांतवन म्हणाला.

"काही निरोप ठेवला का तिनं?" मी विचारलं.

"शेजारणीजवळ ठेवलाय. पास्टरसाहेब आले की विचारून ठेव, म्हणाली."

"काय?"

"गुरुजीले गाडी भेटली होती का?"

गाडी मिळाली होती. खिडकीजवळची जागा होती.